मेलेल्या अधेल्या

ऑरिन स्टुट्झचा कान ही कॉल्डर गावाची सार्वजनिक मालमत्ता होती. जिल्हा कचेरीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पायथ्याशी, सरकारने आंधळ्यांसाठी राखून ठेवलेल्या जागेत त्याचा ठेला होता. सिगारेटी, गोळ्या, वर्तमानपत्रे, कॉफी. गल्ल्यासमोर संगमरवराची एक लादी बसवलेली होती. तिच्यावर नाणे पडले की ते आपली कुळकथा सांगे आणि ती ऑरिनखेरीज कुणाला ऐकू येत नसे. खटला हरलेले वकील, घटस्फोटाची पुढची तारीख मागून आलेले नवरे, सगळे जाता-येता लादीवर एखादी पाव डॉलरची पावली टाकत आणि थांबत.

“चांदी,” ऑरिन म्हणे. किंवा, “मेलेलं.”

चौदा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. निदान चुकल्याचे त्याला कुणी सांगितले नव्हते.

पासष्ट साली सरकारने पावलीतून आणि दहा सेंटांच्या नाण्यातून चांदी काढून घेतली. तोवर त्यांत नव्वद भाग चांदी आणि दहा भाग तांबे असे. नव्या नाण्यात तांब्याचा गाभा आणि दोन्ही अंगांना निकेल मिसळलेली पांढरी कातडी. चेहरे तेच, गरुड तोच, देवावरच्या विश्वासाची ओळही तीच. डोळसांना फरक कळायला नाण्याची कड उजेडात धरावी लागे. तिथे तपकिरी रेघ दिसे, जखमेवर धरलेल्या खपलीसारखी. ऑरिनला लादी पुरे होती. चांदीचे नाणे पडले की त्याचा नाद हवेत क्षणभर उभा राही आणि मग सावकाश खाली बसे. नवे नाणे पडल्या जागीच संपे. चांदी चलनातून नाहीशी होईपर्यंत त्याने ती रोज निवडली, बदल्यात गल्ल्यात मेलेली नाणी टाकली. तळघरात चरबीचे तीन रिकामे डबे काठोकाठ भरले.

त्या तळघरावरच्या घरात त्याची धाकटी बहीण वर्ना त्याचा संसार पाहत असे. ती एकावन्न वर्षांची होती. त्याला कचेरीत सोडणे-आणणे, स्वयंपाक, धुणे, रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवणे हे बावीस वर्षे तिच्याकडे होते. गाडी तीच चालवी, पण गाडीची किल्ली ऑरिनच्या कमरपट्ट्याला असे. आंधळ्या माणसाच्या कमरेला गाडीची किल्ली पाहून नवखे हसत. कॉल्डरचे लोक आता हसत नसत.

अधेलीचे मात्र वेगळे होते. अर्ध्या डॉलरच्या त्या जड नाण्यातली चांदी सरकारने एकदम काढली नाही. आणखी पाच-सहा वर्षे तिच्यात चाळीस भाग राहू दिली. सालपटात बरीच, गाभ्यात थोडी. पण असले मिश्रण लादीवर धड गात नाही. ऑरिनच्या कानाने त्या अधेल्या मेलेल्या ठरवल्या आणि त्याने त्यांचा उपयोगही शोधून काढला. दर शनिवारी जेवण झाल्यावर तो वर्नाला हात पुढे करायला लावी आणि तळव्यावर एकेक अधेली ठेवी, कधी एक, कधी तीन.

“घे, तुझी कमाई,” तो म्हणे. “वरून पांढरीफेक, आत नुसतं तांबं. तुला शोभते.”

वर्नाने त्यांतली एकही कधी खर्च केली नाही. खर्च केली असती तर तो भाव आपण मान्य केला, असे झाले असते. मुरांब्याच्या काचेच्या बरण्यांत ती त्या टाकत गेली आणि बरण्या शिवणयंत्रामागच्या कपाटात, कापडाच्या चिंध्यांखाली लपवत गेली. पुढे अधेल्या यायच्या बंद झाल्या. शनिवारचे वाक्य बंद झाले नाही.

मग ऐंशी सालचा जानेवारी आला. चांदीचा भाव दिवसागणिक असा चढू लागला की माणसांच्या चेहऱ्यांवर ताप दिसे. लोक मेलेल्या आईचे चमचे वितळवायला नेत होते. लग्नातली ताटे, बाप्तिस्म्याचे पेले, शाळेतल्या शर्यतींचे करंडक. घरफोड्या वाढल्या. एका बुधवारी वर्तमानपत्रात जाहिरात आली: महामार्गावरच्या मोटेलात प्रूएट नावाचा व्यापारी तीन दिवस जुनी नाणी घेणार होता. चौसष्ट सालापर्यंतच्या नाण्यांना दर्शनी किमतीच्या सोळा पट. त्याखालची ओळ बारीक होती: पासष्ट ते सत्तर सालांतल्या अधेल्या, प्रत्येकी साडेतीन डॉलर.

वर्नाने ती जाहिरात ऑरिनला वाचून दाखवली. खालची ओळ तिने गाळली.

वर्नाच्या शिवणाच्या टोपलीत तिच्या मैत्रिणीचे पत्र पडून तीन आठवडे झाले होते. ओपल शाळेपासूनची, आता फ्लोरिडात टॅम्पाला कपडे दुरुस्तीचे दुकान चालवत होती. तिची भागीदारीण वारली होती. ‘दोन हजार घेऊन महिनाअखेर ये,’ ओपलने लिहिले होते, ‘दुकानावर माझ्या नावाशेजारी तुझं नाव लावते. नाही आलीस तर दुसरी एक बाई तयार आहे. मला थांबता येणार नाही गं.’ वर्नाने बरण्या मोजल्या. सातशे एक अधेल्या. तिने साले पाहून वेगळ्या केल्या. सत्तरनंतरच्या, ज्यांत चांदीचा कणही नव्हता अशा, एकसष्ट निघाल्या. उरल्या सहाशे चाळीस. दोन हजार दोनशे चाळीस डॉलर. बावीस वर्षांत तिच्या आयुष्याचा आकडा प्रथमच कुठेतरी जाण्याइतका झाला होता.

किल्ली ऑरिनकडे असल्यामुळे एकटीने जाणे शक्य नव्हते. शुक्रवारी दुपारी ठेला लवकर मिटवून तो मोटेलकडे निघणार होता, तेव्हा सकाळीच तिने बरण्या शालीत गुंडाळून गाडीच्या डिकीत, जादा चाकाच्या खळग्यात ठेवल्या. वर तीन डबे आले. आठवड्याचा गल्लाही बरोबर घ्यायचे ऑरिनने ठरवले. दिवस चोरांचे होते आणि परत येईतो बंद झालेली बँक सोमवारीच उघडणार होती.

मोटेलच्या त्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला टेकवला होता. मध्ये हिरव्या बनातीचे टेबल, टेबलावर तराजू, मागे शर्टाच्या बाह्या दुमडलेला प्रूएट. दारात खुर्चीवर पोलीस हवालदार क्रॅट्झ बसला होता. चोरीचा माल येऊ नये म्हणून प्रत्येक विकणाऱ्याचे नाव एका वहीत लिहायचे आणि भांडण झाले तर मिटवायचे, हे त्याचे काम. रांग खोलीभर होती आणि दाराबाहेर बर्फात सांडली होती.

“या, कान आला!” क्रॅट्झ ओरडला. “ऑरिन, लेका, आज तुझा दिवस.”

“माझे सगळेच दिवस माझे असतात, क्रॅट्झ. तुझे सरकारचे.”

लोक हसले. ऑरिनला रांगेत पुढे घेण्यात आले. आंधळ्याला रांगेत उभे करणे बरे दिसले नसते. प्रूएटने डबे बनातीवर उपडे केले, मूठमूठ घेऊन कडा पाहिल्या. एकही तपकिरी रेघ निघाली नाही. त्याने मान वर करून या उंच, पांढऱ्या डोळ्यांच्या माणसाकडे पाहिले.

“मिस्टर स्टुट्झ, हे कुणी निवडलं?”

“मी.”

“यंत्राने?”

“कानाने.”

“दर्शनी सातशे डॉलरचा माल आणि एक खोटं नाणं नाही. माझ्याकडे नोकरी करता का?”

ऑरिनच्या ओठांची कड हलली. वर्नाला ते हास्य ठाऊक होते. घरी ते फार क्वचित, आणि तिला हसण्यासाठीच, येत असे. अकरा हजार दोनशे. क्रॅट्झने वहीत नाव लिहिले. पैसे मोजायला वेळ लागणार होता, म्हणून ऑरिनला त्याच्याशेजारी खुर्ची आणि कॉफी दिली गेली.

“गाडीत हातमोजे विसरले,” वर्ना म्हणाली. ऑरिनने कमरपट्ट्याची किल्ली सोडून तिच्या हातात दिली.

ती शाल पोटाशी धरून परत आली तेव्हा ऑरिन कुणालातरी चांदी मरते कशी ते समजावत होता. ती पुढच्या दोन माणसांना विनंती करून थेट टेबलाशी गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “जरा हळू ओता.”

प्रूएट सवयीचा गुलाम होता. त्याने बरणी उपडी केली.

बनात जाड होती, पण तीनशे अधेल्या एकावर एक कोसळतात तेव्हा बनातीचे काही चालत नाही. ऑरिन वाक्याच्या मध्येच थांबला.

“वर्ना,” तो म्हणाला. “त्या माझ्या मेलेल्या अधेल्या आहेत.”

तो उठला, काठी न घेता आवाजाच्या दिशेने आला.

“मिस्टर प्रूएट, बहिणीच्या वतीने माफी मागतो. डोळे असून कळत नाही तिला. तांबं आहे ते. उगाच तुमचा वेळ गेला.”

“तांबं कसं?” प्रूएट म्हणाला. त्याला कुणाचे मन राखायचे नव्हते; बाहेर साठ माणसे थांबली होती. “सदुसष्ट, सदुसष्ट, एकोणसत्तर. चाळीस टक्के आहेत या. साडेतीन डॉलरला एक.”

“मेलेल्या आहेत.”

“चाळीस टक्के जिवंत आहेत, साहेब. दारावर पाटी लावलीये.”

आधी क्रॅट्झच हसला. “म्हणजे ऑरिन, तुझा कान साठ टक्के बहिरा निघाला की!”

मग सगळी रांग हसली. चौदा वर्षे लादीवर पावल्या टाकून ज्यांनी मान तुकवली होती ते हसले. बर्फातल्या लोकांना मागाहून सांगितले गेले आणि तेही हसले, म्हणून ते हसणे दोनदा आले. वर्नाने ऑरिनच्या चेहऱ्याकडे पाहिले. कुणीतरी भर चौकात त्याचे कपडे उतरवावेत तसा तो दिसत होता, आणि तिला त्याची दया आली नाही. पोटात काहीतरी गोड, गरम पसरत गेले. आपण इतके वाईट असू शकतो याचे तिला नवल वाटले.

पण ऑरिन स्टुट्झ फार वेळ उघडा राहणारा माणूस नव्हता.

“ठीक,” तो म्हणाला. “चुकलो. आता नाव लिहा. माल माझा आहे.”

“तू दिल्यास मला,” वर्ना म्हणाली. “दर शनिवारी.”

“घरखर्चाला दिल्या. माझ्या ठेल्यावर आलेल्या, माझ्या गल्ल्यातल्या. भावाने बहिणीला पगार दिल्याचं कुणी ऐकलंय का इथे? मी देत गेलो किराणा आणायला, हिने दाबून ठेवल्या. आंधळ्याच्या घरात सोपं असतं ते.”

“माझी कमाई म्हणून हातावर ठेवायचास. पुढे काय म्हणायचास ते सांगू सगळ्यांना?”

“सांग की.”

ती सांगू शकली नाही. ते वाक्य या खोलीत उच्चारले असते तर लोक आणखी एकदा हसले असते, आणि या वेळी तिला.

क्रॅट्झ वहीवर पेन्सिल धरून अवघडला होता. “मिस वर्ना, काही कागद आहे का तुमच्याकडे? चिठ्ठी, काहीही? मला दोन नावं लिहिता येत नाहीत हो.”

“कागद नाही.”

“वादातला माल मी घेत नाही,” प्रूएट म्हणाला. “उद्या दुपारी मी जाणार. ठरवा, नाहीतर उचला.”

“उचलू,” ऑरिन म्हणाला. “पुलावरून जाताना नदीत टाकू. मला मेलेल्याच होत्या.”

तो टाकील, हे वर्नाला ठाऊक होते. एकेकाळी तिला एका सुताराची पत्रे येत असत. ती त्याने वाचून दाखवायला लावली नव्हती, फक्त चुलीत टाकायला लावली होती, तिच्याच हाताने. ओळखीचे सगळे चेहरे आता आपापल्या बुटांकडे पाहत होते.

“लिहा त्याच्या नावावर,” ती म्हणाली.

तेरा हजार चारशे चाळीस. प्रूएटकडे शंभराच्या नोटा एकशेवीसच उरल्या होत्या. बाकीचे त्याने विसाच्या नोटांत भागवले. नोटांच्या गड्ड्या ऑरिनच्या हातात आल्या तेव्हा त्याची बोटे त्यांच्यावरून दोनदा फिरली आणि थबकली. या देशात एका डॉलरची नोट आणि शंभराची नोट एकाच मापाची, एकाच कागदाची. त्या गड्ड्यांत काय आहे हे त्याला सांगायला आता लादी उपयोगाची नव्हती. “मोजून दाखव, क्रॅट्झ. मोठ्याने.” क्रॅट्झने मोजून दाखवले, सगळे एका पाकिटात भरले आणि पाठीवर थाप मारली. थापेत अजून हसू होते.

गाडीत बसल्यावर ऑरिन म्हणाला, “इथेच थांब. घड्या घालून घेतो. बँकेत सोमवारी कुणी मला बनवायला नको.”

वर्नाने ऊब यावी म्हणून गाडीचे यंत्र चालू ठेवले. काचा वाफेने पांढऱ्या झाल्या. ठेल्यावरची त्याची पद्धत ठरलेली होती: डॉलर सपाट, पाचाची आडवी घडी, दहाची उभी, विसाची दोन्ही. रोज संध्याकाळी ती नोट वाचे आणि तो घडी घाली.

“शंभराची घडी मी कधी ठरवलीच नाही,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लहान मुलासारखा अचंबा होता. “कोपरा दुमडू. कानासारखा. वाच.”

त्याने एक नोट तिच्याकडे दिली.

“शंभर,” ती म्हणाली आणि परत दिली. कोपरा दुमडला गेला.

“शंभर.” दुसरी. “वीस.” तिसरी.

आठवड्याच्या गल्ल्याची पिशवी तिच्या मांडीशेजारी होती. तिच्यात डॉलरच्या सुट्या नोटा दीडशेहून अधिक होत्या. तिने पिशवीचे तोंड दोन बोटांनी सैल केले. पुढची शंभराची नोट आली ती तिच्या कोटाच्या अस्तरात गेली आणि ऑरिनच्या हातात डॉलरची नोट परत गेली.

“शंभर.”

त्याचा अंगठा थांबला. “मऊ आहे.”

“जुनी आहे. पुष्कळ हात लागलेत तिला.”

तो तिच्याकडे कान करून बसला होता. “तू खोटं बोललीस तर मला ऐकू येईल,” तो शांतपणे म्हणाला. “तुझा आवाज थरथरतो. लहानपणापासून. म्हणून तर वाचायला तुला ठेवलंय.”

“ठाऊक आहे,” वर्ना म्हणाली. “शंभर.”

कोपरा दुमडला गेला. आवाज थरथरला नाही. विसाच्या नोटा ती खऱ्या वाचत होती आणि खऱ्या परत देत होती. तेवढे त्याला राहू द्यावे असे तिने ठरवले होते, किंवा ते ठरवण्यात तिला गंमत वाटत होती. दोन्हीतले कोणते, हे पाहायला ती थांबली नाही.

पन्नासाव्या नोटेच्या सुमारास ऑरिन मवाळ झाला. तो तसा कधी होत नसे.

“आईच्या थडग्यावर अजून लाकडी क्रूसच आहे,” तो म्हणाला. “वसंतात दगड बसवू. आणि तुझी ती शेगडी. मला वास येतो, वर्ना, गॅस गळतो तिचा. नवी घेऊ.”

“शंभर,” वर्ना म्हणाली.

“त्यांच्यासमोर बोललो ते… ते हसले म्हणून बोललो. तुला कळतं ना? माझ्याकडे दुसरं काय आहे? ठेला सरकारचा. घर बापाचं. एवढा कानच माझा.”

तिचा हात पिशवीत होता. तो तिथे जरा वेळ राहिला. वाफाळलेल्या काचेपलीकडे कुणीतरी जड ओझे ओढत बर्फातून चालले होते आणि पाय घसरून शिव्या घालत होते. ती या क्षणी थांबू शकली असती. हे वाक्य त्याने बावीस वर्षांत कुठल्याही शनिवारी म्हटले असते तर ती थांबलीच असती. आज त्याने ते खिसा भरल्यावर म्हटले होते.

“शंभर,” ती म्हणाली, आणि त्याला डॉलर दिला.

सगळ्या नोटा झाल्या तेव्हा त्याने दुमडलेले कोपरे अंगठ्याने मोजले. एकशेवीस. क्रॅट्झच्या मोजणीशी जुळले. तो सीटवर मागे रेलला, पाकीट छातीशी धरून, एखाद्या तृप्त जेवणाऱ्यासारखा. मग काहीतरी आठवून त्याने पाकिटातून एक नोट काढली, कोपरा नीट चाचपला आणि अंधारात दिवा धरावा तशी ती तिच्यासमोर धरली.

“घे. ही तुझी. अधेल्यांबद्दल. मी कुणाचं ठेवत नाही.”

वर्नाने ती घेतली. दुमडलेल्या कोपऱ्याखालून पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा फिकट करडा चेहरा तिच्याकडे पाहत होता, आणि उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत एकचा आकडा होता.

“आभारी आहे, ऑरिन.”

“वाच ना,” तो म्हणाला. त्याला ऐकायचे होते. “किती आहे?”

“शंभर,” वर्ना म्हणाली, आणि गाडी मागे घेण्यासाठी काच पुसू लागली.